सॉफ्टवेअर नोकरीतील पगारवाढ (मराठवाडा)

सॉफ्टवेअर नोकरीतला पगार पायऱ्यांनी वाढतो. वर्षाकाठचे इन्क्रिमेंट सहसा ५ ते १० टक्क्यांचे असते, तर कंपनी बदलताना ती वाढ एकदम २० ते ४० टक्क्यांची होऊ शकते. पुढची ऑफर बहुतेक वेळा चालू पगारावर टक्के लावून ठरते, त्यामुळे पहिल्या नोकरीचा आकडा पुढे अनेक वर्षे पाठ सोडत नाही. मराठवाड्यातल्या मुलांची अडचण इथेच सुरू होते. संभाजीनगरचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय किंवा नांदेडची श्री गुरु गोविंदसिंगजी संस्था अशी मोजकी नावे वगळली, तर कॅम्पसवर मोठी भरती फारशी होत नाही. बाकीचे पुण्यात कॉट बेसिसवर राहतात, क्लास लावतात आणि मिळेल त्या पगारावर रुजू होतात. नांदेड-लातूरकडच्या बऱ्याच जणांना हैदराबादही जवळचे वाटते.

सोयरीक जमवताना ‘पॅकेज किती?’ असे विचारतात आणि उत्तरात सीटीसी, म्हणजे कंपनीचा त्या माणसावरचा वर्षाचा एकूण खर्च, सांगितला जातो. हातात पडणारी रक्कम वेगळी असते. ३.६ लाखांचे पॅकेज म्हणजे कागदावर महिना ३०,०००. मूळ वेतन त्याच्या निम्मे, १५,००० धरले, तर कंपनीच्या वाट्याचा पीएफ (१२ टक्के) १,८०० आणि ग्रॅच्युइटीची तरतूद (४.८१ टक्के) ७२२ रुपये या तीस हजारांतूनच जातात. आरोग्य विम्याचे ५०० आणि वर्षअखेरीस मिळाले तर मिळणारे ५ टक्के व्हेरिएबल (कामगिरीवर ठरणारा भाग), म्हणजे १,५०० बाजूला काढले की सॅलरी स्लिपवर २५,४७८ उरतात. त्यातून स्वतःचा पीएफ १,८०० आणि व्यवसाय कर २०० (फेब्रुवारीत ३००) कापला जातो आणि खात्यात २३,४७८ जमा होतात. कॉटचे भाडे, मेस आणि गावाकडे पाठवायचे पैसे यातूनच काढायचे असतात.

मोठ्या सेवा कंपन्यांमध्ये (इतरांसाठी सॉफ्टवेअरचे काम करून देणाऱ्या) फ्रेशरचा पगार दशकाहून अधिक काळ ३ ते ४ लाखांच्या आसपास रेंगाळला आहे. कारण नव्या मुलांचा पुरवठा भरपूर आणि पहिले काही महिने प्रशिक्षणात जातात, प्रोजेक्ट मिळाला नाही तर बेंचवर, म्हणजे कामाविना बसून. तेवढा काळ ग्राहकाला बिल लावता येत नाही. खरी चढण दुसऱ्या ते सातव्या वर्षात असते. या टप्प्यावरचा माणूस न शिकवता कामाला लागतो आणि तरी फार महाग नसतो, म्हणून मागणी त्यालाच जास्त. ३.६ लाखांवर ८ टक्क्यांनी पाच वेळा वाढ धरली तर आकडा ५.२९ लाखांवर पोहोचतो. त्याच काळात दुसऱ्या आणि पाचव्या वर्षाच्या शेवटी ३५ टक्क्यांवर कंपनी बदलली आणि मधली तीन इन्क्रिमेंट ८ टक्क्यांचीच राहिली, तर तो ८.२७ लाख होतो.

दहा-बारा वर्षांनंतर वेग मंदावतो. सेवा कंपनीत ग्राहकाकडून मिळणारा दर अनुभवाच्या प्रमाणात चढत नाही, म्हणून ज्येष्ठ माणूस टीम सांभाळू लागतो किंवा अडकतो. स्वतःचे सॉफ्टवेअर विकणाऱ्या प्रॉडक्ट कंपन्यांत तांत्रिक वाटेनेही वर जाता येते. तिथे पॅकेजचा मोठा भाग शेअर्सचा असतो. ते साधारणपणे चार वर्षांत हप्त्याने हाती येतात, बऱ्याचदा पहिले वर्ष पूर्ण झाल्याशिवाय एकही नाही. शेअर बाजारात नोंदलेल्या (लिस्टेड) कंपनीचे असे शेअर्स हाती येतात त्या दिवशीच्या किमतीवर पगारासारखाच कर लागतो. भाव नंतर पडला तरी तो कर परत येत नाही.

नोकरी बदलताना काही गोंधळ ठरलेले असतात. नोटीस पिरियड (राजीनाम्यानंतर कामावर राहण्याची मुदत) बऱ्याच ठिकाणी ९० दिवसांचा. नवी कंपनी तीसच दिवस थांबणार असेल तर उरलेल्या दिवसांचे पैसे जुन्या कंपनीला कोण भरणार, हे ऑफर लेटरमध्ये लिहून घ्यावे. वर्षाच्या आत नोकरी सोडल्यास जॉइनिंग बोनस परत मागितला जातो. दर वेळी पीएफ काढून घेण्याची सवय तर फारच महागात पडते: सलग सेवा पाच वर्षांची नसेल तर ती रक्कम करपात्र होते. त्याच यूएएनवर (पीएफचा नोकरी बदलली तरी कायम राहणारा क्रमांक) ती ट्रान्सफर केली की जुनी सेवाही मोजली जाते. काही क्लासवाले खोट्या अनुभवाची पत्रे देतात. यूएएनच्या सेवा-नोंदीत त्या कंपनीचा पीएफ दिसत नाही आणि पडताळणीत माणूस रुजू झाल्यावरही घरी जातो.

संभाजीनगरातल्या लहान कंपन्यांचा पगार पुण्याच्या मानाने कमी असतो, पण वाळूज-चिकलठाण्याच्या कारखान्यांचे ईआरपी (सगळा कारभार एकत्र नोंदवणारे सॉफ्टवेअर) सांभाळणाऱ्याला उत्पादन, स्टोअर्स आणि जीएसटीची जी माहिती होते ती पुढे विकली जाते. अशा माणसाने मुलाखतीत नुसती प्रोग्रॅमिंग भाषा सांगण्यापेक्षा ‘डिस्पॅचचे मॉड्यूल मी बसवले’ हे सांगितले तर ऑफर वेगळी येते. २०२० नंतर काही जण घरून काम करत इकडे परतले. त्यांच्या करारात कामाचे ठिकाण कोणते लिहिले आहे, यावर पुढचे बरेच ठरते. तिथे ‘पुणे’ असेल तर कंपनी केव्हाही ऑफिसात बोलावू शकते.