तारेजवळचं झाड छाटायचं आहे? आधी परमिट, मग आम्ही

"लाइन गेली आहे, झाड छाटायला आत्ताच माणसं पाठवा!" उन्हाळा लागला की असे फोन सुरू होतात. माणसं येतात, पण झाडावर चढत नाहीत. तुमचा अर्धा दिवस जातो आणि राग आमच्यावर निघतो. म्हणून हे लिहून देत आहोत.

लाइन जाणं वेगळं आणि लाइन बंद करून घेणं वेगळं. कृषी फिडरची, म्हणजे शेतीपंपांच्या लाइनची, पाळी संपली म्हणजे वावरातली तार मेली, असं धरू नका. सप्लाय कधीही परत येतो. कुणी चेंजओव्हर (लाइन आणि जनरेटर वेगळे ठेवणारा स्विच) न लावता जनरेटर जोडला असेल, तर डीपीतून, म्हणजे ट्रान्सफॉर्मरमधून, उलटा करंट 11 केव्हीच्या (11 हजार व्होल्टच्या) तारेत चढतो. लाइनमनने स्विच उघडून, तार तपासून, आमच्या देखत अर्थिंग टाकलं (तार जमिनीला जोडली) आणि परमिट, म्हणजे लाइन बंद ठेवून काम करायची परवानगी, झालं, तरच आमचा माणूस चढतो. "दहा मिनिटांचं काम आहे, करून टाका," असं कृपया म्हणू नका. बांबूला कोयता बांधून स्वतःही ओढू नका. ओल्या बांबूतून आणि हिरव्या फांदीतून करंट येतो.

परमिटसाठी महावितरणच्या जवळच्या कार्यालयात आधी अर्ज द्या. त्यात डीपीचा किंवा खांबाचा नंबर लिहा, नाहीतर लाइनमन धुरेच शोधत फिरतो. अर्ज आम्ही लिहून देतो, त्याचे पैसे घेत नाही. तारीख मिळाली की कळवा.

जानेवारीत तारेपासून लांब दिसणारी फांदी मे महिन्यात लांब राहत नाही. 45 अंशांच्या उन्हात तार तापून लांबते, खाली झोल येतो आणि वावधानात झुलते. त्या हिशेबाने आम्ही जास्त छाटतो, वाढीव बिलासाठी नाही.

कडुलिंबाचा नुसता शेंडा मारा म्हणाल, तर आम्ही नाही म्हणतो. शेंडा मारला की तिथूनच सरळसोट फुटवे निघतात आणि लवकरच पुन्हा तारेला भिडतात. तारेकडची फांदी जोडापासून काढली, तर झाड बाजूला वाढतं आणि तुमचा पुढचा खर्च वाचतो.

साग, मोह, आंबा, चिंच बुंध्यातून तोडायचं असेल, तर 1964 च्या वृक्षतोड कायद्यानुसार परवानगी लागते. ती नसेल, तर आम्ही फक्त छाटणी करतो.

झाड पाहून दर आधीच सांगतो. लाकूड आणि पाला तुमचाच. संत्र्याच्या बागेत फांदी दोराने उतरवतो, कलमांवर पडू देत नाही. मृगाच्या आधी काम हवं असेल, तर अर्ज मार्चमध्येच टाका.