पाच हजार वर्षांची सुई नेमकी किती जुनी?

अ‍ॅक्युपंक्चरच्या माहितीपत्रकांवर एक ओळ हमखास असते: ‘पाच हजार वर्षांची प्राचीन चिनी उपचारपद्धती’. कंबर धरत दवाखान्याची पायरी चढलेल्या माणसाला या ओळीने धीर येत असेलही. पण आत गेल्यावर जे समोर येतं, ती स्टीलची बारीक सुई, शरीररचनेच्या तक्त्यावर नेमून दिलेले बिंदू, सौम्य वीज सोडण्यासाठी सुयांना लावलेल्या वायरी, कानाच्या पाळीवरचे ठिपके, त्यातलं बहुतेक गेल्या शंभर वर्षांत घडलेलं आहे. यामुळे उपचार खोटा ठरत नाही. फक्त तो किती जुना आहे यावरून तो किती चालतो हे ठरवता येत नाही, एवढंच. त्यासाठी वेगळीकडे पाहावं लागतं.

आधी पुरावे पाहू. १९९१मध्ये आल्प्सच्या बर्फात सापडलेल्या, साधारण ५,३०० वर्षांपूर्वीच्या ‘ओत्झी’च्या शरीरावर ६१ गोंदणखुणा आहेत. त्यातल्या काही दुखऱ्या सांध्यांजवळ आहेत आणि आजच्या बिंदूंशी जुळतात असं काही अभ्यासकांनी मांडलं. पण तो माणूस युरोपातला, त्या खुणा काजळी चोळून केलेल्या. त्यावरून चीनमधल्या उपचाराचं वय काढणं जरा जास्तच झालं.

चीनमधला पहिला भक्कम धागा इसवीसनपूर्व १६८चा. छांगशा शहराजवळ मावांगदुई इथे त्या वर्षी बंद झालेली एक कबर १९७३मध्ये उघडली गेली. आत रेशमावर लिहिलेले वैद्यकाचे मजकूर मिळाले. त्यांत शरीरातल्या अकरा वाहिन्यांचं वर्णन आहे आणि त्यांवर शेक देण्याच्या सूचनाही आहेत. सुई टोचण्याचा उल्लेख मात्र नाही. शेक द्यायचा तो एका सुगंधी वनस्पतीच्या वाळलेल्या पानांचा लोकरीसारखा गोळा पेटवून. ही वनस्पती आपण चैत्रात ज्योतिबाला वाहतो त्या दवण्याच्या कुळातली. आजही काही दवाखान्यांत सुईबरोबर हा शेक देतात आणि खोलीभर त्याचा धूर दरवळतो. म्हणजे धूर सुईपेक्षा जुना असण्याची शक्यता बरीच आहे.

सुईवर सविस्तर बोलणारा पहिला मोठा ग्रंथ म्हणजे ‘ह्वांगदी नेइजिंग’, साधारणपणे इसवीसनपूर्व पहिल्या-दुसऱ्या शतकात संकलित झालेला. त्यात नऊ प्रकारच्या सुया सांगितल्या आहेत, आणि त्यातल्या काहींना आज आपण सुई म्हणणारच नाही. गळू फोडायची पातीसारखी, रक्त काढायची तीनधारी, असा तो संच आहे. त्यामुळे सुरुवातीची ‘टोचणी’ बरीचशी रक्त आणि पू वाहू देण्याच्या कामाची होती. इथे आपल्याकडचे काहीजण लगेच ‘हे मूळचं आपलंच’ म्हणून सुश्रुतसंहिता पुढे करतात. तिच्यातला शिरावेध म्हणजे रक्तमोक्षण, आणि १०७ मर्मं म्हणजे इजा होऊ नये म्हणून जपायच्या जागा. सुई खुपसून ठेवायच्या नव्हे. दोन्ही परंपरांना आपापली थोरवी पुरेशी आहे, उसनी आणायची गरज नाही.

पुढच्या शतकांत बिंदूंची मोजदाद होत गेली. तिसऱ्या शतकात ह्वांगफू मीने ३४९ बिंदू नोंदवले. १०२७च्या सुमारास वांग वेईयीने सम्राटासाठी माणसाच्या आकाराचे दोन पोकळ कांस्यपुतळे घडवले. त्यांची परीक्षा घेण्याची पद्धत मोठी गमतीची होती: पुतळ्यावर मेणाचा थर द्यायचा, आत द्रव भरायचा आणि विद्यार्थ्याला एखादा बिंदू टोचायला सांगायचं. जागा बरोबर असेल तर भोकातून द्रव बाहेर येई, चुकली तर सुई धातूवर अडे. तोंडी परीक्षेत थापा मारणाऱ्यांची तिथे पंचाईतच.

एवढं वैभव पाहिलेली ही विद्या एकोणिसाव्या शतकापर्यंत राजदरबारातून उतरली होती. १८२२मध्ये सम्राट दाओग्वांगने राजवैद्यांच्या संस्थेतून सुई आणि शेक ही शाखाच काढून टाकली. त्या काळचे विद्वान वैद्य काढे-चूर्णांवर भर देत, आणि सुया गावोगाव फिरणाऱ्या वैदूंच्या हाती राहिल्या. १९२९मध्ये तर चिनी सरकारसमोर देशी वैद्यकच मोडीत काढण्याचा प्रस्ताव आला. वैद्य रस्त्यावर उतरले, म्हणून तो बारगळला.

आजच्या अ‍ॅक्युपंक्चरचा खरा जन्म या पडझडीतला. चंग दान-आन नावाच्या वैद्याने १९३०च्या दशकात पाश्चात्त्य शरीररचनाशास्त्र हाताशी धरून बिंदूंच्या जागा नव्याने मांडल्या, रक्तवाहिन्यांवर येणारे बिंदू बाजूला सरकवले, जाड ओबडधोबड सुया सोडून बारीक सुईचा आग्रह धरला आणि टपालाने शिकवणी सुरू केली. रक्त काढणारी सुई मागे पडली, नस आणि स्नायू चाळवणारी पुढे आली. रुग्ण ज्याला ‘प्राचीन तक्ता’ समजतो, त्यावर या माणसाचा हात फिरलेला आहे.

इथून गोष्ट चिनी कम्युनिस्टांच्या तळाला, येनानला जाते, आणि तिथे आपला सोलापूरचा माणूस भेटतो.

१९३८मध्ये जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनच्या मदतीला काँग्रेसने पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं. त्यात नागपूरचे डॉ. चोळकर होते, सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते आणि बंगालचे डॉ. विजयकुमार बसू होते. पुढे कोटणीस आघाडीवरच्या रुग्णालयात शस्त्रक्रिया करत राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या ३२व्या वर्षी तिथेच वारले. त्या काळात कम्युनिस्टांच्या ताब्यातल्या भागात औषधांचा, भूल देण्याच्या साधनांचा दुष्काळ होता. डॉक्टर थोडे, सैनिक आणि शेतकरी अफाट. १९४४च्या सुमारास माओने पाश्चात्त्य पद्धतीच्या डॉक्टरांना देशी वैद्यांबरोबर काम करायला सांगितलं, तेव्हा सुई वर आली ती या गरजेपोटी: स्वस्त, खिशात मावणारी, उकळून पुन्हा वापरता येणारी. जू ल्येन या डॉक्टर बाईंनी ती तिथे आत्मसात केली आणि १९५१मध्ये ‘नवं अ‍ॅक्युपंक्चर’ या नावानेच पुस्तक काढलं. नाव पाहा: त्यांनीही प्राचीनतेचा टिळा लावला नव्हता.

कोटणीस तोवर गेले होते. ते शल्यविशारद होते, सुईवाले नव्हते. मग लुधियानात त्यांच्या नावाचं अ‍ॅक्युपंक्चर रुग्णालय कसं? उत्तर बसूंपाशी आहे. पथकातले हे सहकारी १९५०च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला गेले, सायनसच्या जुन्या दुखण्यावर त्यांना सुईने आराम पडला, आणि ते तिथेच राहून शिकून आले. कोलकात्यात परतून त्यांनी उपचार सुरू केले. पुढे १९७०च्या दशकात कोटणीस स्मृती समितीच्या नावाखाली शिबिरं आणि दवाखाने उभे राहिले. अशा रीतीने भारतात ही सुई मैत्रीच्या राजकारणाचं बोट धरून आली, आणि एका मराठी शल्यविशारदाचं नाव त्याने कधी न चालवलेल्या विद्येला चिकटलं.

पाश्चात्त्यांत ती गाजली ती एका अपेंडिक्समुळे. जुलै १९७१मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे पत्रकार जेम्स रेस्टन बीजिंगमध्ये आजारी पडले. त्यांचं अपेंडिक्स काढलं ते नेहमीचं भुलीचं इंजेक्शन देऊन. दुसऱ्या रात्री पोट फुगून अस्वस्थ वाटू लागलं, तेव्हा उजव्या कोपरात आणि गुडघ्यांखाली सुया टोचल्या, शेक दिला आणि त्यांना बरं वाटलं. त्यांनी तसं प्रामाणिकपणे लिहिलं. पण कर्णोपकर्णी गोष्ट अशी झाली की सुया टोचून, भुलीशिवाय ऑपरेशन केलं! आजही ती तशीच सांगितली जाते. १९७२मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन चीनला जाऊन आले आणि जागं राहून शस्त्रक्रिया करून घेणाऱ्या रुग्णांची छायाचित्रं जगभर पोचली. त्या शस्त्रक्रियांत अनेकदा गुंगीची औषधं आणि जागेवरची भूलही दिलेली असे, ही बाजू बरीच उशिरा उजेडात आली.

कानावरच्या बिंदूंचं सांगायचं तर, उलट्या टांगलेल्या गर्भासारखा कानाचा तो नकाशा १९५०च्या दशकात फ्रान्समधल्या लियों शहराच्या पॉल नोजिए या डॉक्टरांनी मांडला. चीनने तो नंतर उचलला.

आता मुद्द्याचं: याने होतं काय?

१९७०च्या दशकात एक धागा सापडला. सुईने दुखणं कमी झालेल्या लोकांना नालोक्सोन हे अफूवर्गी औषधांचा परिणाम उतरवणारं औषध दिलं, तर काही प्रयोगांत तो आराम ओसरला. म्हणजे शरीरातली स्वतःची वेदनाशामकं, एंडॉर्फिन, यात असावीत. ‘ची’ नावाची ऊर्जा वाहते का, याचं उत्तर यातून मिळत नाही, पण सुईने मज्जासंस्थेत काहीतरी हलतं हे नक्की.

मग मोठ्या चाचण्या झाल्या. मला यात सगळ्यात बोलकी वाटते ती २००७मध्ये प्रसिद्ध झालेली जर्मनीतली कंबरदुखीची चाचणी. तिच्यात ११६२ रुग्ण होते, आणि कंबर सरासरी कित्येक वर्षं दुखत असलेले. त्यांचे तीन गट केले. पहिल्याला शास्त्रोक्त बिंदूंवर सुया. दुसऱ्याला मुद्दाम बिंदू नसलेल्या जागी, वरवर टोचलेल्या सुया. तिसऱ्याला गोळ्या, फिजिओथेरपी, व्यायाम. सहा महिन्यांनी पहिल्या गटातल्या ४७.६ टक्के लोकांना चांगला फरक होता, दुसऱ्यात ४४.२ टक्के आणि तिसऱ्यात २७.४ टक्के. सुईवाले म्हणाले, बघा, गोळ्यांपेक्षा सरस. टीकाकार म्हणाले, बघा, बिंदू कुठला याने काडीचाही फरक पडत नाही. दोघेही आकडे बरोबर वाचत होते. जर्मनीच्या आरोग्य विम्याने व्यवहार पाहिला आणि जुनाट कंबरदुखी व गुडघेदुखीसाठी खर्च द्यायला सुरुवात केली.

२०१८मध्ये ३९ चाचण्यांतल्या २०,८२७ रुग्णांची माहिती एकत्र तपासली, तेव्हा खऱ्या सुईने खोट्या सुईवर मात केली, पण थोडक्या फरकाने. सुई न घेणाऱ्यांच्या तुलनेत फरक बराच मोठा होता. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेची तर तारांबळच उडाली: २००९मध्ये कंबरदुखीसाठी शिफारस, २०१६मध्ये ती मागे, आणि २०२१मध्ये कारण न सापडणाऱ्या दीर्घकालीन वेदनांसाठी पुन्हा ‘विचार करायला हरकत नाही’.

माझं मत विचाराल तर जुनी कंबरदुखी, गुडघ्याची झीज, मानदुखी, वारंवार येणारी अर्धशिशी, शस्त्रक्रियेनंतरची मळमळ, एवढ्यांसाठी ही वाट चाचपडून पाहण्यासारखी आहे. मधुमेह घालवतो, बहिरेपण घालवतो, मूल होईलच अशी हमी देतो, असं कुणी म्हणत असेल तर तिथून सरळ उठावं.

पहिल्या भेटीत बराच वेळ विचारपूस होते: दुखणं कधीपासून, झोप कशी, पोट साफ होतं का. काहीजण जीभ आणि दोन्ही मनगटांची नाडी पाहतात. मग झोपवून त्वचा स्पिरिटने पुसतात आणि सुया टोचतात. साधारण पाव मिलिमीटर जाडीची, भरीव टोकाची सुई असते. इंजेक्शनची सुई पोकळ आणि हिच्याहून जाड असते. बऱ्याचदा सुई प्लास्टिकच्या छोट्या नळीतून येते आणि वरून बोटाने टिचकी मारली की आत जाते. टिचकी कळते, टोचणं जेमतेम. त्यानंतर सुई हलकेच फिरवली की खोलवर जडपणा, मुंग्या किंवा बोथट ठणका जाणवतो, आणि उपचार करणारे तो जाणवला का हे विचारतात. गुडघ्याच्या वाटीखाली चार बोटांवरचा, नडगीच्या बाहेरच्या अंगाचा बिंदू त्यांच्या विशेष आवडीचा. कंबर दुखत असताना पायात सुई का, हा प्रश्न इथेच पडतो. वीस ते तीस मिनिटं पडून राहायचं. अनेकांना तिथेच झोप लागते.

एका सिटिंगमध्ये चमत्कार होत नाही. त्या जर्मन चाचणीत आठवड्याला दोन अशा दहा सिटिंग होत्या, आणि अर्धवट फरक पडलेल्यांना आणखी पाच. पाच-सहा सिटिंगनंतरही रेसभर फरक नसेल, तर पुढचं पॅकेज घेण्याआधी थांबून स्पष्ट विचारावं.

धोके कमी आहेत, पण आहेत. थोडं रक्त, काळानिळा डाग, पहिल्याच वेळी चक्कर, म्हणून उपाशीपोटी जाऊ नये. क्वचित, पण खरोखर घडलेला अपघात म्हणजे खांद्यावर किंवा छातीवर सुई खोल जाऊन फुप्फुसाला भोक पडणं. सुई काढल्यावर दम लागला, छातीत टोचलं तर घरी जाऊन वाट पाहू नये, सरळ रुग्णालय गाठावं. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल, गरोदरपण असेल तर आधी सांगावं. पेसमेकर असेल तर वायरी लावून घेऊ नयेत. आणि बीपीची किंवा साखरेची गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये, कुणी सांगितलं तरी.

सुई टोचणारा कोण, हा प्रश्न आपल्याकडे बराच काळ अधांतरी होता. पश्चिम बंगालने १९९६मध्ये कायदा केला, महाराष्ट्राने २०१५मध्ये, आणि केंद्राने २०१९मध्ये उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली. महाराष्ट्रात आता यासाठी वेगळी परिषद आहे, म्हणून नोंदणी आहे का हे विचारायला संकोचू नये. फिजिओथेरपिस्ट ‘ड्राय नीडलिंग’ म्हणून हीच सुई वापरतात, पण आखडलेल्या स्नायूच्या गाठीत. तिथे वाहिन्या-बिंदूंचा संबंध नाही. अ‍ॅक्युप्रेशरमध्ये तर सुईच नसते. आणि सुयांचं पाकीट तुमच्यासमोर फोडलं जातंय ना, वापरलेल्या सुया बंद डब्यात पडतायत ना, हे डोळ्यांनी पाहून घ्यावं. उकळून पुन्हा वापरण्याचे दिवस आता संपले.