डबल बॅटरी (चारचाकी)

गाडी सुरू करणाऱ्या मूळ बॅटरीखेरीज दिवे, पंखा, भोंगा किंवा फवारणीचा पंप चालवण्यासाठी बसवलेली 12 व्होल्टची वेगळी बॅटरी. विदर्भातल्या खेड्यांत पिकअप आणि जीपगाड्यांना ती बसवतात. ट्रक आणि एसटीतही दोन बॅटऱ्या असतात, पण तो प्रकार निराळा. तिथे त्या सिरीजमध्ये जोडून 24 व्होल्ट करतात. पिकअपमध्ये कुणी तशी जोडणी केली, तर बल्बपासून ईसीएमपर्यंत (इंजिन सांभाळणारा छोटा कॉम्प्युटर) काहीही जळू शकतं.

हरभरा उभा असला की रोही (नीलगाई) आणि रानडुकरं एका रात्रीत वावराची नासाडी करतात. जागलीला गेलेला माणूस गाडी धुऱ्यावर लावतो आणि रात्रभर तिच्याच बॅटरीवर दिवा ठेवतो. पहाटे गाडी सेल्फ घेत नाही, आणि वावरात धक्का मारायला दुसरं कुणी नसतं. यात चूक बॅटरीची नसते. सेल्फ मारताना ती काही सेकंदांत शेकडो अँपिअर देते, आणि त्यासाठी तिच्या प्लेटा पातळ पण पुष्कळ असतात. रात्रभर हळूहळू उतरणं तिला सोसत नाही; असं वारंवार झालं की ती कायमची बसते. म्हणून दुसरी बॅटरी जाड प्लेटांची, इन्व्हर्टरला लावतात तशी ट्युब्युलर घ्यावी. 100 अँपिअर-अवरची बॅटरी निम्मीच वापरली तरी 50 वॉटचा भार साधारण 12 तास चालतो.

खरी मेख जोडणीत आहे. पुष्कळ ठिकाणी दोन्ही बॅटऱ्यांचं प्लस प्लसला आणि मायनस मायनसला थेट बांधून काम उरकतात. मग दिवा दोन्हींना मिळून उतरवतो, आणि एकीचा सेल खराब झाला की ती दुसरीलाही खाली ओढते. दोन बॅटऱ्यांचा खर्च करूनही गाडी सकाळी बंदच. उपाय म्हणजे मध्ये व्होल्टेज पाहून चालणारा रिले, म्हणजे आपोआप चालू-बंद होणारा स्विच. इंजिन सुरू होऊन व्होल्टेज साधारण 13.3 वर गेलं की तो दोन्ही बॅटऱ्या जोडतो, इंजिन बंद होऊन ते 12.8 च्या आसपास उतरलं की तोडतो. एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-6 गाड्यांपैकी काहींत अल्टरनेटर (इंजिनावर फिरून बॅटरी भरणारा जनित्र) मध्येच व्होल्टेज कमी करतो. तिथे रिलेऐवजी डीसी-डीसी चार्जर लागतो; येणारं व्होल्टेज कमी-जास्त झालं तरी तो दुसऱ्या बॅटरीला हवं तेवढंच देतो. लिथियम बॅटरी घेतली तरी तोच लावावा.

दोन्ही बॅटऱ्यांमधल्या प्लसच्या जाड तांब्याच्या वायरला प्रत्येक बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत एकेक फ्यूज हवाच, कारण ती वायर दोन्ही टोकांनी जिवंत असते. बॉनेटच्या कडेला घासून तिचं वेष्टण फाटलं आणि तांबं बॉडीला टेकलं की ती लाल होते. मागे मोकळा कापूस भरलेला असेल, तर एक ठिणगी पुरे. पैसे वाचवायला फ्यूज गाळणाऱ्या मेकॅनिककडून हे काम करून घेऊ नये. वायरच्या टोकाचं थिंबल (बोल्टात अडकवायची धातूची टोपी) हातोडीने ठोकून चपटं करू नये, क्रिंपिंगच्या पकडीने दाबावं. अर्थिंगच्या बोल्टखालचा रंग चकाकी येईपर्यंत खरवडावा. बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, म्हणून ती सीटखाली कोंडू नये. हवा खेळेल अशा लोखंडी चौकटीत पट्टीने आवळावी.

अर्धी उतरलेली बॅटरी भरायला काही तास लागतात. गाव ते बाजार अशा वीस मिनिटांच्या फेरीत ती भरत नाही. ज्यांची गाडी एवढीच फिरते त्यांनी आठवड्यातून एकदा घरी चार्जर लावावा, किंवा टपावर सोलर पॅनल. चंद्रपूर, अकोला, ब्रह्मपुरीकडे मे महिन्यात पारा 45 अंशांपलीकडे जातो आणि बॉनेटखाली त्याहून तापतं. अशा उष्णतेत बॅटरीचं आयुष्य झपाट्याने घटतं. उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी झाकणं उघडून डिस्टिल्ड पाणी पाहावं. टर्मिनलवर चढलेली पांढरी-हिरवी भुकटी खायचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याने फेसाळून निघते. मग टर्मिनल कोरडं पुसून त्यावर पेट्रोलियम जेली लावतात.