मुतखड्याची कळ आणि सीटी स्कॅनची घाई

नाशिकमध्ये एप्रिलचे ऊन तापू लागले, की द्राक्षबागेत किंवा अंबडच्या कारखान्यात दिवसभर घाम गाळून पुरेसे पाणी न प्यायलेल्या माणसाची लघवी दाट होते, तिच्यातील क्षारांचे खडे बनतात आणि एखाद्या रात्री कुशीतून जांघेपर्यंत जाणारी असह्य कळ त्याला रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात आणून सोडते. वेदनाशामक इंजेक्शनचा गुण येण्याआधीच सीटी स्कॅनचा विषय निघतो.

सीटी स्कॅनमध्ये जवळजवळ प्रत्येक खडा दिसतो, याबद्दल वाद नाही. मात्र पाच मिलिमीटरपर्यंतचे बहुतेक खडे आपोआप पडून जातात आणि तोवर वेदना आटोक्यात ठेवणे हाच उपचार असतो, मग खड्याचे चित्र हाती असो वा नसो. पोटाच्या नेहमीच्या सीटी स्कॅनमधून सुमारे १० मिलिसिव्हर्ट किरणोत्सार शरीरात जातो. निसर्गातून माणसाला वर्षभरात सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतो. एका तपासणीचा धोका अल्पच असतो, पण मुतखडा पुन्हा पुन्हा होणारा आजार आहे आणि दर वेळी स्कॅन झाला तर ही बेरीज वाढत जाते.

कळ येते ती खड्याच्या टोचण्यापेक्षा अडलेल्या लघवीमुळे वरच्या बाजूला वाढलेल्या दाबाने, आणि त्या दाबाने आलेली मूत्रपिंडाची सूज सोनोग्राफीत दिसते, जरी मूत्रवाहिनीच्या मधल्या भागातला खडा आतड्यांतील वायूमुळे अनेकदा लपून राहत असला तरी. अमेरिकेतील १५ आपत्कालीन विभागांत २,७५९ रुग्णांवर झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात काहींची सुरुवात सोनोग्राफीने, तर काहींची सीटीने केली होती. सोनोग्राफीच्या गटातील बऱ्याच जणांना पुढे सीटी लागलाच. तरीही त्या गटाला एकूण किरणोत्सार कमी मिळाला आणि गंभीर आजार नजरेतून सुटण्याचे प्रमाण वाढले नाही.

त्याच वर्षी येल विद्यापीठातील डॉक्टरांनी 'स्टोन' नावाची १३ गुणांची पद्धत मांडली. तिच्यात लिंग, दुखण्याचा कालावधी, वंश, मळमळ किंवा उलटी आणि लघवीतील रक्त यांना गुण असून १० किंवा अधिक गुण मिळाल्यास मूत्रवाहिनीत खडा असण्याची शक्यता सुमारे ९० टक्के असते. गंमत अशी, की कृष्णवर्णीय नसलेल्याला यात ३ गुण आपसूक मिळतात, म्हणजे नाशिकच्या बहुतेक सर्वच रुग्णांना ते फुकटचे. खरी निवड उरलेल्या १० गुणांवरच होते. त्यामुळे ही पद्धत इकडे जशीच्या तशी वापरण्याविषयी मी साशंक आहे.

ताप असेल, एकच मूत्रपिंड असेल, औषधाने कळ थांबत नसेल किंवा साठी उलटल्यावर प्रथमच असे दुखू लागले असेल, तर मात्र सीटीला उशीर करू नये, कारण पोटातील महाधमनीचा फुगाही नेमका असाच दुखतो. तेव्हाही खडाच शोधायचा असेल तर तीन मिलिसिव्हर्टपेक्षा कमी मात्रेचा स्कॅन बहुधा पुरतो.

आपल्याकडे खरी अडचण रात्रीची आहे. गर्भलिंगनिदानाला आळा घालणाऱ्या १९९४ च्या कायद्यानुसार सोनोग्राफी नोंदणीकृत यंत्रावर, पात्र डॉक्टरनेच करायची असते आणि तो डॉक्टर मध्यरात्री हजर असेलच असे नाही. सीटी स्कॅन मात्र तंत्रज्ञ काढतो आणि त्याचा अहवाल दूर बसलेला डॉक्टरही देऊ शकतो. अशा वेळी कळ थांबली असेल, ताप नसेल आणि लघवीची तपासणी खड्याकडेच बोट दाखवत असेल, तर सोनोग्राफी सकाळी केली तरी चालते.