दूरसंचार परिचालन प्रणालींमधील सेवाभिमुख रचना

दूरसंचार कंपनीचे नेटवर्क चालते ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरला ओएसएस (ऑपरेशन्स सपोर्ट सिस्टिम) म्हणतात. जोडणीच्या ऑर्डर्स, उपकरणांची इन्व्हेंटरी, सेवा सुरू करणे आणि बिघाडांचा माग ही कामे ते करते. बिलिंग व ग्राहकव्यवहार बीएसएस (बिझनेस सपोर्ट सिस्टिम) या प्रणालींकडे असतात. या प्रणालींची कामे ठरावीक करार असलेल्या, नेटवर्कवरून मागवता येणाऱ्या सेवांच्या रूपात खुली करणे, म्हणजे ओएसएसमध्ये सेवाभिमुख रचना, अर्थात एसओए, आणणे होय.

याची गरज जुन्या जडणघडणीतून आली. अमेरिकेत बेल सिस्टिम या टेलिफोन कंपन्यांच्या समूहाने १९७० च्या दशकात ट्रंक लाइनांच्या, म्हणजे एक्स्चेंजना जोडणाऱ्या वाहिन्यांच्या, नोंदींसाठी टर्क्ससारख्या प्रचंड प्रणाली उभारल्या. पुढे मोबाइल, ब्रॉडबँड अशा प्रत्येक नव्या तंत्रज्ञानाबरोबर त्याची वेगळी प्रणाली आली आणि दोन प्रणालींमध्ये दर वेळी नवा खास दुवा लिहिला गेला. २० प्रणाली परस्परांशी थेट जोडायच्या तर १९० दुवे लागतात. प्रत्यक्षात एवढे कोणी बांधत नाही. जिथे दुवा नसतो तिथे कर्मचारी एका पडद्यावरची माहिती दुसऱ्या पडद्यावर टाइप करतो.

मानकांचे प्रयत्न एसओएच्या आधीपासूनचे. आयटीयू-टी या आंतरराष्ट्रीय दूरसंचार मानक संस्थेची नेटवर्क व्यवस्थापनावरची एम.३०१० ही शिफारस आणि तिच्यासोबतचा सीएमआयपी हा व्यवस्थापन-संदेशांचा प्रोटोकॉल काटेकोर होता, पण वापरायला जड. टीएम फोरम या दूरसंचार उद्योगाच्या संघटनेने नव्या पिढीच्या ओएसएससाठीच्या एनजीओएसएस कार्यक्रमात ईटॉम हा प्रक्रियांचा नकाशा आणि एसआयडी हे सामाईक माहिती-प्रारूप दिले. ईटॉमला आयटीयू-टीने एम.३०५० म्हणून स्वीकारले. कोर्बा या प्रोग्रामांना जोडणाऱ्या जुन्या तंत्रावर आधारलेल्या आधीच्या इंटरफेसनंतर एक्सएमएल संदेशांवरचे एमटीओएसआय हे इंटरफेस आले. या सगळ्यात कळीचे ठरले ते एसआयडी. सोप (संदेशाचे स्वरूप) आणि डब्ल्यूएसडीएल (सेवेच्या कराराचे वर्णन) यांनी संदेश पोहोचतो, पण ‘ग्राहक’, ‘सेवा’ आणि ‘संसाधन’ यांचा अर्थ दोन्ही टोकांना वेगळा असेल, तर जुनाच गोंधळ नव्या वेष्टनात राहतो.

फायबर जोडणीची एक ऑर्डर घेऊ. ऑर्डर व्यवस्थापन तिचे तुकडे पाडते: पत्त्यावर जोडणी शक्य आहे का ते पाहा, उपकरणावरचा पोर्ट, म्हणजे केबल जोडायची जागा, राखून ठेवा, उपकरणावर सेवा सुरू करा, बिलिंगला कळवा. हे काम मिनिटांत किंवा काही दिवसांत संपते, त्यामुळे डेटाबेससारखा एकच व्यवहार उघडून ठेवता येत नाही. तिसरी पायरी फसली, तर राखलेला पोर्ट सोडण्याची उलट पायरी वेगळी लिहावी लागते. बीपीईएलसारख्या, सेवांच्या पायऱ्यांचा क्रम लिहिण्याच्या भाषांत अशा भरपाईची सोय असते. पण इन्व्हेंटरीत मोकळा दिसणाऱ्या पोर्टमध्ये प्रत्यक्षात आधीच केबल खोचलेली असेल, तर ‘पोर्ट राखला’ असे उत्तर बिनचूक स्वरूपात आणि साफ चुकीचे मिळते. ऑर्डर मग फॉलआउटच्या, म्हणजे आपोआप पूर्ण न झालेल्या ऑर्डरींच्या, रांगेत जाते आणि माणसालाच हाताळावी लागते. एसओए प्रकल्पांत इन्व्हेंटरीच्या साफसफाईला वेळापत्रकात जागा नसणे, हा अपयशाचा मोठा उगम म्हटला पाहिजे.

सेवा किती मोठी ठेवावी हाही वादाचा विषय. ‘पोर्टचा वेग बदला’ इतकी बारीक सेवा असेल, तर उपकरणाचे तपशील ऑर्डर व्यवस्थापनात झिरपतात. ‘जोडणी द्या’ इतकी मोठी असेल, तर आतली पायरी दुसरीकडे वापरता येत नाही.

अलार्मचे, म्हणजे उपकरणांकडून येणाऱ्या बिघाडाच्या इशाऱ्यांचे, गणित निराळे. एक फायबर तुटली की हजारो अलार्म येऊ शकतात आणि विनंती-प्रतिसादाचे सोप कॉल तिथे तग धरत नाहीत. त्यामुळे हा प्रवाह प्रकाशन-सदस्यत्व पद्धतीने, म्हणजे इशारा एकदा प्रसिद्ध करून तो हव्या त्या सदस्य प्रणालींना पोहोचवून, हाताळणेच सोयीचे.

संक्रमण बहुधा टप्प्याटप्प्याने होते. जुन्या प्रणालीवर अडॅप्टर चढवून ती एंटरप्राइज सर्व्हिस बसला, म्हणजे सर्व प्रणालींमधले संदेश वाहणाऱ्या सामाईक सॉफ्टवेअरला, जोडतात. बसचे काम मार्ग दाखवणे आणि संदेशाचे रूप बदलणे एवढेच असावे. पण घाईच्या वेळी व्यवसायाचे नियम तिच्यातच लिहिले जातात, आणि मग दुव्यांचे जाळे सोडवायला आणलेली बसच सर्वांत अवघड प्रणाली होऊन बसते.

नंतर टीएम फोरमने रेस्ट (वेबवरून सेवा मागवण्याची साधी शैली) व जेसन (माहिती लिहिण्याचे हलके स्वरूप) यांवर आधारित ओपन एपीआय, म्हणजे प्रणालींसाठीचे खुले इंटरफेस, प्रसिद्ध केले: उत्पादनाच्या ऑर्डरसाठी क्रमांक ६२२, सेवेच्या ऑर्डरसाठी ६४१, सेवा व संसाधनांच्या इन्व्हेंटरीसाठी ६३८ आणि ६३९. त्यांतील माहितीची मांडणी एसआयडीवरूनच घेतली आहे. ६४१ मध्ये ऑर्डर दिली की लगेच पोच मिळते आणि पुढच्या स्थिती सूचनांमधून कळतात. त्यांत ‘अंशतः पूर्ण’ अशीही एक स्थिती आहे.