बॅटरी बसली की डिझेल थिजलं?

स्पितीतल्या काझाला जानेवारीत सकाळी आठ वाजतासुद्धा ऊन गल्लीत उतरलेलं नसतं. पुण्याहून नेलेली आमची डिझेल गाडी होमस्टेच्या भिंतीलगत उभी होती आणि रात्री पारा उणे 20 च्या खाली गेला होता. सेल्फ मारला. इंजिन फिरलं, अगदी नेहमीच्या जोरात फिरलं, पण पकडेना. पुन्हा मारला, पुन्हा तेच. पाचव्या-सहाव्या खेपेला फिरण्याचा आवाज जड झाला आणि थोड्या वेळानं बॉनेटखालून नुसतं कटकट, कटकट. मी घरमालकांना म्हटलं, 'भाईसाब, बैटरी बैठ गयी.' ते अंगणातून सगळं ऐकत होते. म्हणाले, 'पहले डीज़ल जमा. बैटरी तो बाद में बैठी.'

त्यांचं बरोबर होतं. थंडीत गाडी सुरू न होण्याची ही दोन कारणं वरवर इतकी सारखी दिसतात, की आपण दोन्हीला 'बॅटरी गेली' म्हणून मोकळे होतो. आपल्या हवेत ते बहुतेक वेळा खरंही असतं. पण डिझेल गाडी घेऊन हिवाळ्यात स्पिती किंवा लडाखला निघालात तर हा फरक माहीत असायलाच हवा. थिजलेल्या डिझेलवर सेल्फ मारत बसलं की धडधाकट बॅटरीही बसते, आणि मग एकाच्या जागी दोन दुखणी घेऊन बसावं लागतं.

फरक आधी कानांनी ओळखायचा. चावी फिरवल्याबरोबर डॅशबोर्डवरचे दिवे मंद झाले, इंजिन कण्हत-कुंथत फिरलं किंवा फिरलंच नाही, हॉर्न घोगरा वाजला, तर दुखणं विजेचं आहे. बॅटरी उतरली असेल, टर्मिनल सैल असेल किंवा त्यावर पांढरट-हिरवी पूड साचली असेल. याउलट दिवे लख्ख, हॉर्न खणखणीत, सेल्फ नेहमीच्या वेगानं फिरतोय आणि तरीही इंजिन पेट घेत नाही, तर बॅटरीला दोष देऊ नका. इंजिनापर्यंत डिझेल पोचत नाहीये, किंवा हीटर प्लग, म्हणजे गार इंजिन पेटावं म्हणून ते आतून तापवणारे प्लग, तापत नाहीयेत. डॅशबोर्डवर स्प्रिंगसारखं पिवळं चिन्ह येतं ते विझेपर्यंत थांबायची सवय असेल, तर प्लगची शंका थोडी कमी होते.

डिझेलची आणखी एक खूण आहे आणि ती जास्त फसवी आहे. गाडी सकाळी सुरू होते, दोन-चार मिनिटं चालते, चढाला लागली की पिकअप जातो, आचके देते आणि बंद पडते. फिल्टरमध्ये आणि पाइपात होतं तेवढ्या डिझेलवर ती चालली. टाकीतून नवं डिझेल आलं ते मेणाचे कण घेऊन आलं आणि फिल्टर तुंबला. सुरू होऊन मग मेलेली गाडी पाहून 'बॅटरी' म्हणणारा माणूस भेटला, तर त्याला नम्रपणे बाजूला करा.

मराठीत 'गोठणं' आणि 'थिजणं' हे दोन वेगळे शब्द आहेत, आणि इथे ते फार उपयोगी पडतात. पाणी गोठतं, म्हणजे शून्य अंशाला त्याचा कडक बर्फ होतो. डिझेल थिजतं, आपल्या खोबरेल तेलासारखं. डिसेंबरात सकाळी न्हाणीघरातली तेलाची बाटली बघा: आधी तळाशी ढगाळ होते, मग पांढरे कण दिसतात, मग सगळं घट्ट होतं. कच्च्या तेलातून आलेलं मेण डिझेलमध्येही असतंच. थंडीत ते कणाकणानं वेगळं होतं. डिझेल अजून वाहत असतं, टाकी हलवली तर आत डुचमळल्याचा आवाजही येतो, पण फिल्टरच्या कागदाची भोकं इतकी बारीक असतात की ते कण तिथेच अडकून थर धरतात. म्हणून टाकीत डोकावून किंवा टाकी ठोकून काही कळत नाही. डिझेल पुरतं घट्ट होण्याच्या बऱ्याच आधी गाडी उपाशी मरते.

आता हे किती अंशांना होतं? आपल्या देशातल्या डिझेलच्या मानकात फिल्टर तुंबण्याच्या तापमानाची मर्यादा दिलेली आहे: नोव्हेंबर ते फेब्रुवारी 6 अंश सेल्सियस, बाकीच्या महिन्यांत 18 अंश. म्हणजे सपाटीवर हिवाळ्यात भरलेलं, मानकात चोख बसणारं डिझेलसुद्धा 6 अंशांच्या खाली फिल्टरमधून जाईलच, याची हमी कुणी दिलेली नाही. प्रत्यक्षात ते बरेचदा याहून चांगलं निघतं, पण उणे 20 ही गोष्टच वेगळी. याच अडचणीवर इंडियन ऑइलनं नोव्हेंबर 2019 मध्ये लडाखसाठी हिवाळी डिझेल आणलं. ते पानिपतच्या रिफायनरीत तयार झालं आणि उणे 33 अंशांपर्यंत ते वाहतं राहतं. तुमची गाडी, बॅटरी, सर्व्हिसिंग सगळं उत्तम असलं आणि टाकीत मात्र सपाटीवरचं साधं डिझेल असलं, तर काही उपयोग नाही. खालून टाकी काठोकाठ भरून वर जायची आपली सवय इथे उलटी पडते. वाटेत इंधन संपणार नाही एवढा साठा ठेवा, वरच्या पंपावर हिवाळी डिझेल आहे का ते आधी फोन करून विचारा, आणि तिथे भरल्यावर गाडी थोडी फिरवा. नवं डिझेल फक्त टाकीत येऊन भागत नाही, ते फिल्टरमध्येही पोचायला हवं. पेट्रोलवाल्यांना ही चिंता नाही. आपल्या कुठल्याही थंडीत पेट्रोल थिजत नाही, त्यामुळे त्यांची गाडी अडली तर आधी बॅटरीच बघावी.

बॅटरीचं गणित सोपं आहे. थंडीत तिच्या आतली रासायनिक क्रिया मंदावते, आणि उणे 18 अंशांना तिची ताकद साधारण निम्मी उरते. त्याच वेळी इंजिन ऑइल दाट झाल्यामुळे इंजिन फिरवायला मात्र जोर जास्त लागतो. बॅटरीवर 'सीसीए' म्हणून जो आकडा असतो, तो म्हणजे उणे 18 ला ती 30 सेकंद किती अँपिअर देऊ शकते याचं माप. आपण बॅटरी घेताना फक्त एएच, म्हणजे तिच्यात एकूण साठा किती, तेवढं विचारतो, थंडीच्या प्रवासासाठी सीसीए जास्त महत्त्वाचा. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर मीटर लावून बघा: 12.6 व्होल्ट म्हणजे पूर्ण चार्ज, 12.2 म्हणजे जेमतेम अर्धी. 12.2 वाल्या बॅटरीवर मी काझाला जाणार नाही.

निफाडला पारा चार-पाच अंशांवर आला किंवा महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी हिमकण दिसले, की त्या दिवसांत आपल्याकडेही गाड्या अडतात. तिथे डिझेल थिजल्याचा संशय घ्यायची वेळ सहसा येत नाही, बॅटरीच असते. आणि खरं सांगायचं तर ती डिसेंबरात मेलेली नसते. तिला एप्रिल-मेच्या उन्हानं आधीच खाल्लेलं असतं, थंडी फक्त ते उघड करते. म्हणून तीन-चार वर्षांची बॅटरी दिवाळीच्या आसपास तपासून घ्यावी.

इलाजही दोघांचे वेगळे. बॅटरीला दुसरी बॅटरी लागते. जंपर केबलची लाल टोकं दोन्हीकडच्या प्लसला, काळं टोक चांगल्या बॅटरीच्या मायनसला, आणि शेवटचं काळं टोक आपल्या इंजिनाच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. एक मात्र आधी बघा. पुरती उतरलेली बॅटरी उणे 10 च्या आसपाससुद्धा गोठू शकते; पूर्ण चार्ज असलेली उणे 50 लाही गोठत नाही. बॅटरीचं खोकं फुगलेलं किंवा तडकलेलं दिसलं तर तिला केबल लावायची नाही, ती फुटू शकते.

डिझेलला ऊब लागते, वीज नव्हे, आणि धक्का तर नव्हेच. ढकलून आणलेली गाडीही तुंबलेल्या फिल्टरवर चालणार नाही. घट्ट न होऊ देणारं औषध बाजारात मिळतं, पण ते डिझेल ढगाळ व्हायच्या आधी टाकीत पडलं पाहिजे. थिजल्यावर ओतून मेण विरघळत नाही. जुने ट्रकवाले रॉकेल मिसळायचे. आजच्या बीएस6 इंजिनात तसं करू नका. रॉकेलला डिझेलइतका ओशटपणा नसतो आणि उच्च दाबाचा पंप व इंजेक्टर डिझेलच्या ओशटपणावरच चालतात. तो पंप गेला तर सहलीच्या खर्चाहून मोठं बिल येईल. टाकीखाली जाळ करणारेही अजून दिसतात. प्लॅस्टिकची टाकी, वायर आणि ब्रेकचे पाइप जिथे आहेत तिथे जाळ नको, कुणी कितीही वर्षांचा अनुभव सांगितला तरी नको.

त्या सकाळी घरमालकांनी मला सेल्फला हात लावू दिला नाही. बॅटरी काढून स्वयंपाकघरात, तंदूरपासून लांबच्या कोपऱ्यात ठेवली. फडकं गरम पाण्यात बुडवून पिळायचं, डिझेल फिल्टरभोवती गुंडाळायचं, गार झालं की बदलायचं, असं आम्ही दोघं तासभर करत होतो. बोटं बधिर होत होती, आणि गरम फडक्यात ती खुपसायला बरंही वाटत होतं. गाडी ढकलून तोंड पूर्वेकडे केलं. अकराच्या सुमारास बॉनेटवर ऊन आलं, बॅटरी परत बसवली, शेजारच्या पिकअपची केबल जोडली आणि दुसऱ्या सेल्फला इंजिन धडधडलं. ते मात्र लगेच बंद करू नका, असं त्यांनी बजावलं. चालू इंजिनाकडून टाकीत परत येणारं डिझेल कोमट असतं, तेवढ्यानं आतलं बाकीचंही सैल होतं. अर्धा तास गाडी तशीच ठेवली. त्या रात्री बॉनेटवर दोन जुन्या रजया टाकल्या आणि बॅटरी आत नेली.