नंबर एक फोन कोणता? आधी सांगा, मोजलं काय

परवा दारव्ह्याले मोबाईलच्या दुकानात दोन पोट्टे भांडून राह्यले होते, एक म्हणे अमुक कंपनी नंबर एक, दुसरा म्हणे काऊन बे, नेटवर तर दुसरीच दाखवते. दोघंही खरं बोलत असतील राजेहो!

आयडीसी, काउंटरपॉइंट या बाजाराचा अभ्यास करणाऱ्या कंपन्या दर तिमाहीला जो मार्केट शेअर (बाजारातला वाटा) सांगतात तो बहुतेकदा शिपमेंटचा असतो, म्हणजे कंपनीने डीलर-दुकानदाराकडे किती फोन पाठवले. कृषी केंद्रात बियाण्याच्या थैल्या किती उतरल्या तेवढंच हे, पेरल्या किती ते वेगळं. दिवाळीआधी दुकानं माल भरून ठेवतात म्हणून जुलै-सप्टेंबरचा आकडा फुगतो अन नंतर उतरला की लोक म्हणतात कंपनी बुडाली. आणि आपल्याकडं बापाचा फोन पोराकडं, पोराचा आजीकडं असा वर्षानुवर्षं फिरतो, त्याची या हिशोबात नोंद एकदाच, पहिल्या वेळी.

स्टॅटकाउंटर म्हणजे वेबसाइटवरची वर्दळ मोजणारी कंपनी, तिचं गणितच निराळं. त्यांचा कोड लाखो वेबसाइटवर बसवलेला आहे, पान उघडलं की ब्राउझर स्वतःचं अन फोनचं नाव-गाव सांगतो (युजर एजंट म्हणतात त्याला) अन नोंद पडते. पण मोजली जातात पानं, माणसं नाही, बाजारात एकानंच दहा चकरा मारल्या तर दहा धरल्या. जो दिवसभर कापसाचे भाव व्हॉट्सअॅपवरच पाहतो तो तर यात दिसतच नाही, अॅपमधला वापर वेबसाइटच्या मोजणीत येत नाही ना. अँड्रॉइडच्या क्रोममध्ये 'डेस्कटॉप साइट' चालू केली तर तोच फोन लिनक्सचा (विंडोजसारखीच एक सिस्टीम) कॉम्प्युटर म्हणून मोजला जातो, ही मला सगळ्यात भारी गोष्ट वाटते!

ऑक्टोबर 2016 मध्ये स्टॅटकाउंटरच्या मोजणीत मोबाईल-टॅबलेट मिळून 51.3 टक्के झाले, डेस्कटॉप 48.7 वर आला, जगात पहिल्यांदाच. पण टक्का घसरला म्हणजे वापर घटलाच असं नसते. समजा 100 पानांतली 60 कॉम्प्युटरवर उघडली, पुढं एकूण 200 झाली अन त्यातली 80 कॉम्प्युटरवर, तर वापर 20 नं वाढला पण टक्का 60 वरून 40.

आता काकूचा जिओफोन घ्या. बटणाचा, 2017 ला निघालेला, आत कायओएस (अँड्रॉइडसारखी फोन चालवणारी सिस्टीम). स्मार्टफोनच्या मार्केट शेअरमध्ये तो धरतच नाहीत, फीचर फोन म्हणून बाजूला काढतात, पण तिनं त्यावर एखादी वेबसाइट उघडली की स्टॅटकाउंटरच्या मोजणीत कायओएसच्या नावावर बरोबर एक पान चढते.